शेवाळावरचा दिवा

दादा,

मी हॉस्पिटलात जातेय. आल्या आल्या फिशटँक बघून माझ्या नावानं ओरडू नकोस, आधी हे वाच. टँकच्या मागच्या डब्यात बाबांनी जाळीवर जे शेवाळ वाढवलं होतं ना, पाण्यातली घाण खाणारं, ते मी मारलं. हॉस्पिटलात जाताना बाबा बजावून गेले होते, त्याच्यावरचा दिवा रात्री सहा तास बंद ठेव, शेवाळालाही विश्रांती लागते. मला मेलीला वाटलं, जास्त उजेड दिला की जास्त वाढेल. नऊ दिवस दिवा बंदच केला नाही. शेवाळ पिवळं पडलं आणि आज सकाळी जाळीवरून सुटून आलं. पाणी गढूळ झालंय, मासे वर येऊन तोंडं उघडतायत. अर्धं पाणी मी बदललंय, दुपारी तू परत थोडं बदल. खायला काही घालू नकोस. वाचतील असं वाटत नाही.

बाबांना सांगू नकोस. तसंही ते आता काही विचारत नाहीत. आयसीयूत त्यांच्या डोक्यावरची ट्यूबलाइटही नऊ दिवस चोवीस तास चालू आहे. आज सिस्टरांच्या पाया पडून सांगणार आहे, सहा तास तरी ती बंद करा.