किल्ली मागच्याकडे

शन्ना जेट्टी,
मंगळवार, सकाळ

प्रिय शरीफ,

हे पत्र तुला तस्नीम वाचून दाखवत असेल. तस्नीम, आधी दार लोटून घे आणि अब्बांना खुर्चीत नीट बसव. मधलं काही गाळू नकोस. वाचताना राग आला तरी शेवटपर्यंत वाच, मग दोघं मिळून काय ते ठरवा.

फोन असताना पत्र कशाला, हे तू विचारणारच. पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? आणि व्हॉइस मेसेज पाठवावा तर तू तो स्पीकरवर लावून अख्ख्या मोहल्ल्याला ऐकवतोस. माझ्या मूळव्याधीची बातमी हर्णैच्या मासळीबाजारात पोचली ती अशीच. साकिब शुक्रवारी सुट्टीवर दापोलीला निघालाय, त्याच्या हाती हे देतो. पाकीट चिकटवलंय आणि वर टेपही लावलीय, कारण साकिबला तू ओळखतोस.

काल सकाळपासून शन्नाला अडकलोय. वारा सुटलाय, मसीरा बेटाची फेरी बंद. रांगेत अकरा गाड्या आहेत, मी सातवा. माझ्याकडे सोहारच्या वसाहतीतून उचललेल्या लाद्या आहेत, त्यामुळे मला घाई नाही. पुढे कोंबड्यांची गाडी आहे, तिच्या ड्रायव्हरला मात्र फार घाई आहे. तो दर अर्ध्या तासाने समुद्राकडे बघून त्याला शिव्या घालतो. गुलाबी पक्षी चिखलात उभे आहेत तसेच उभे आहेत. टपरीवाला कुट्टी अजून तुझी चौकशी करतो. चार चमचे साखर टाकणारा कुठे गेला, म्हणतो. मी त्याला सांगितलं, साखरेनेच त्याला घरी पाठवलं. हे अर्धंच खरं आहे, पुढे येतो त्यावर.

मस्कतला हमरियातली आपली खोली एका मोबाईलवाल्याने गोदामाला घेतली. मागच्या महिन्यात तिकडे गेलो होतो तर तुझ्या पलंगाच्या जागी खोक्यांची रास होती. भिंतीवर तू खिळा ठोकून तुझ्या नबीलचा शाळेतला फोटो लावला होतास, तो खिळा आहे अजून. दुक्मचा रस्ता आता ओळखू येणार नाही इतका रुंद झालाय. आपण पाइपा घेऊन जायचो तेव्हा रिफायनरीच्या जागी नुसते खांब होते आणि दोन हजार पुरुष. बाई बघायची तर मस्कतला यावं लागायचं, असं तू म्हणायचास आणि लगेच खुदेजाभाभीला फोन लावायचास.

तेव्हापासून तू पुढे आणि मी मागे. कारण साधं होतं. पोलीस पहिली गाडी थांबवायचे आणि अरबी तुला यायचं. एकदा हैमाच्या चौकीवर त्या शिपायाने तुझ्या केबिनचं दार उघडलं, भाभीने दिलेल्या सुकटाच्या पिशवीचा वास घेतला आणि कागद न बघताच यल्ला यल्ला म्हणत दोघांनाही सोडलं, आठवतंय? सोळा वर्षं मी तुझ्या गाडीची पाठ बघत गाडी चालवली. तुझ्या डाव्या दिव्याची काच कधी तडकली, तुझ्या चिखलपट्टीवरचा गरुड कधी पुसट झाला, ते मला तुझ्याआधी कळायचं. हे लक्षात ठेव, कारण सगळं त्यावरच आहे.

मसीराच्या बोटीवरचा आपला नियम तस्नीमला माहीत नसेल, म्हणून लिहितो. बोटीत ट्रेलर एकामागे एक लावतात. गाडी लावली की ड्रायव्हर वर बसायला जातो आणि जाताना किल्ली मागच्या गाडीवाल्याकडे देतो. पलीकडे बेटावर हिल्फला बोट लागली आणि पुढचा झोपलेला राहिला, तर मागच्याने त्याची गाडी उतरवून ठेवायची आणि मग परत येऊन स्वतःची काढायची. हा कायदा कुणी लिहिलेला नाही. एकदा एक पठाण वर असा गाढ झोपला, की त्याला शोधेपर्यंत ओहोटी लागली आणि आम्ही सगळे सहा तास बोटीत अडकलो. तेव्हापासून किल्ली मागच्याकडे. पहिल्या सगळ्या वर्षांत तुझी किल्ली माझ्या खिशात नुसती फिरून यायची. बोटीने भोंगा दिला की तू सगळ्यांच्या आधी खाली.

मग शेवटच्या वर्षी रमजाननंतर तू झोपायला लागलास. वर खुर्च्यांवर आडवा व्हायचास, टोपी तोंडावर. हिल्फ आलं तरी उठायचा नाहीस. मी तुझी गाडी उतरवायचो, मग माझी, मग तू डोळे चोळत जिना उतरायचास आणि अरे उठवायचं नाही का, म्हणून मलाच झापायचास. आठ महिने असं चाललं.

शरीफ, तू झोपेत घोरतोस. साधं नाही, हमरियातल्या खोलीच्या खालचा शिंपी तक्रार घेऊन वर यायचा असं घोरतोस. त्या आठ महिन्यांत बोटीवर तू एकदाही घोरला नाहीस. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. बोटीच्या पोटात अंधार आणि फळी उघडली की समोर एकदम पांढरं ऊन, मध्ये अरुंद उतार. रक्तातल्या साखरेने तुझे डोळे अधू केले होते, तुला तो उतार दिसत नव्हता. सरळ रस्ता तू सवयीने काढायचास. तुझी गाडी मधल्या पट्ट्यावर चढते आणि उतरते, हे मी मागून बघत होतो. मी तुला काही विचारलं नाही, तूही काही सांगितलं नाहीस. तू झोपेचं सोंग करायचास, मी ते खरं मानायचं सोंग करायचो. तुझं काँट्रॅक्ट संपायला अजून वर्ष होतं, तस्नीमचं नर्सिंग चालू होतं. मला वाटलं, आपण दोघं मिळून एक वर्ष काढू.

पण मग महूतच्या अलीकडे तो झेंडेवाला आला. रस्त्याचं काम चालू होतं, भर दुपार, बांगलादेशी मजूर लाल झेंडा घेऊन रस्त्यात उभा. मी मागून बघतोय आणि तुझा ब्रेकचा दिवा लागत नाही. मी हॉर्न दाबून धरला. तो माणूस शेवटच्या क्षणी वाळूत उडाला. तू तसाच पुढे गेलास. मी थांबलो. त्याला काही लागलं नव्हतं. मी त्याला पाण्याची बाटली दिली, तर त्याला झाकण फिरवता येईना. ते मी उघडून दिलं. मग त्याने वाळूतून झेंडा उचलला आणि परत जाऊन तिथेच उभा राहिला.

पुढे टपरीवर तू मला हसत विचारलंस, काय रे, एवढा हॉर्न का बडवत होतास? मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. तू थापा मारत नव्हतास. तिथे माणूस होता हेच तुला माहीत नव्हतं. मी म्हटलं, उंट होता. आणि आपण चहा प्यालो.

आता हे नीट ऐक. ऑफिसात तुझ्या डोळ्यांबद्दल मी सांगितलं. सोहारला परतल्यावर दुसऱ्या दिवशी मॅनेजर रामकृष्णच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, शरीफचे डोळे तपासून घ्या, माझं नाव काढू नका. त्याने काढलं नाही. सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी आहे असं नाटक केलं, पाच जणांना पाठवलं, त्यात मीही होतो. तुझ्या शेजारी बाकावर बसून मी ती अक्षरं वाचली. तू वाचू शकला नाहीस. आठवड्यात तुझ्या नोकरीचं खलास झालं. विमानतळावर तू मला म्हणालास, कुणीतरी चुगली केलीय, ज्या दिवशी नाव कळेल त्या दिवशी तो माझ्यासाठी मेला, दारात उभा करणार नाही. मी तुझी बॅग ट्रॉलीवर चढवत होतो.

सांगितलं याचा मला पस्तावा नाही. आज परत तसं झालं तर परत सांगेन. पण आधी तुला सांगायला हवं होतं. टपरीवर, उंट होता असं म्हणण्याऐवजी, दोन वाक्यं बोलायची होती. तू चिडला असतास, महिनाभर तोंड बघितलं नसतंस, कदाचित आपणहून गेलाही असतास, मान वर करून. ते मी तुला करू दिलं नाही. मला भीती वाटली तुझी. सोळा वर्षांच्या दोस्ताची भीती वाटली, आणि रामकृष्णची नाही वाटली.

आणखी एक आहे. ते लिहायला मला कालचा दिवस लागला. तुझी गाडी सलालाला एका पंजाब्याला दिली, असं मी तुला सांगितलं होतं. सलाला नाही आणि पंजाबीही नाही. तू गेल्यावर पंधरा दिवसांनी रामकृष्णने किल्ली माझ्यासमोर ठेवली. तुझी गाडी चार वर्षांनी नवी, एसी चालणारा, माझी तुला माहीतच आहे. मी नाही म्हणू शकलो असतो. मी किल्ली उचलली. त्याने बक्षीस म्हणून दिली की रिकामी होती म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. दोन वर्षं झाली. आत्ताही तिच्याच केबिनमध्ये बसून लिहितोय. तुझी जपाची तसबी आरशाला होती तिथेच आहे, ती मी काढली नाही. येताना पुसून सामानात ठेवली की झालं.

होय, येतोय. माझंही काँट्रॅक्ट नवं करत नाहीत. पुढच्या महिन्याच्या अठराला मुंबईला उतरतो, कायमचा. आणि तू गेल्या शुक्रवारी फोनवर म्हणालास, की तस्नीमच्या निकाहाला मी आठ दिवस आधी येऊन राहायचं, पाहुण्यांच्या गाड्या लावायचं काम माझं, आणि घरचा माणूस म्हणून पुढच्या रांगेत बसायचं. तू बोलत होतास आणि मी हो हो म्हणत होतो. फोन ठेवला आणि मला जेवण गेलं नाही. तुझ्या घरी, तुझ्या लेकीच्या लग्नात, तू मला पुढे बसवणार, आणि ज्याला दारात उभा करणार नाहीस तो मीच. तुझ्या घरचं अन्न मी हे न सांगता खाऊ शकत नाही. एवढ्यासाठी हे पत्र.

मुंबईहून माझ्या घरी गुहागरला जायला दोन रस्ते आहेत, तुला माहीत आहेत. एक दापोली, हर्णै, तुझं घर, आणि मग दाभोळच्या फेरीने खाडी ओलांडून पलीकडे. दुसरा सरळ चिपळूणवरून. फोन करू नकोस, तू मला बोलू देणार नाहीस. तस्नीमला मेसेज करायला सांग, दोनच शब्द: दाभोळवरून ये, नाहीतर चिपळूणवरून जा. चिपळूण आलं तर मी का म्हणून विचारणार नाही, तसबी साकिबकडे पोचती करेन आणि लग्नाच्या दिवशी घरी बसून तस्नीमसाठी हात जोडेन. कुणी विचारलं तर फेरी बंद होती, असं सांग. आता काय ते तू ठरव. या वेळी किल्ली तुझ्याकडे आहे.

सोळा वर्षं तुझ्याच मागे चाललेला,
तुझाच
दयानंद