दुखणं वर, औषध खालून

चि. भिवा यास सप्रेम जयभीम.

दाढ काढल्यापासून माझं तोंड बोटभरही उघडत नाही, नाहीतर मी स्वतः घनसावंगीला येऊन तुला बोलले असते. म्हणून हे पत्र. तुझा खोकला कसा आहे? कांताबाई वहिनींना माझी काळजी करू नका म्हणावं. शिवकन्येला परत न्यायला तू पाठवलेले तातेराव ओसरीवर चहा घेत आहेत, तेवढ्यात लिहिते.

पोरीला नर्स व्हायचंय, पण तिला त्यातलं काय कळतं, असं तू म्हणालास. तर ऐक. दवाखान्यातल्या सुईचा असर घरी पोचेपर्यंत उतरला. गोळी जाईना. मी (बी.ए. झालेली बाई) ती कुटून गालात दाबणार, तोच तुझ्या लेकीने हात धरला; हिरडी भाजते म्हणाली. पाण्यात विरघळवून चमच्याने पाजली, ती उलटून पडली. मग डॉक्टरांना विचारून ती मेणासारख्या दोन कांड्या घेऊन आली, मागच्या वाटेने ठेवायच्या. उन्हाने वितळतात म्हणून एक ओल्या फडक्यात माठाशी ठेवली, दुसरी बशीत ठेवून हात धुवायला गेली. तेवढ्यात तुझे दाजी वंदनेला बसले. त्यांनी कांडी मेणबत्ती समजून बुद्धमूर्तीपुढे उभी केली, चष्मा लावून वात शोधली (दुकानदार हल्ली काहीही माल देतात, असंही म्हणाले) आणि काडी ओढली.

शिवकन्येने काडी फुंकली. "मामा, ती आत्याची हाय." मग माझ्याकडे वळली. "आत्या, कुशीवर व्हा. दुखणं वर असलं तरी औषध खालून जातंय."

अख्खा वर्ग नजरेने गप्प बसवणारी मी, मुकाट कुशीवर झाले. रात्रीच्या जेवणापर्यंत कळ बरीच उतरली. भिवा, पोर एकदाही हसली नाही, मला लाजू दिलं नाही. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. बाकीचं शिकवतात, तिथं तिला जाऊ दे.

तुझी अक्का,
गिरिजा

ता. क. नर्सिंगच्या शाळेत सोमवारी तिची मुलाखत आहे. वडिलांची सही लागते. स्वतः ये.

आणखी एक. माझी डावी दाढही काढायची आहे. शिवकन्या शिकून येईपर्यंत मी कुणाला हात लावू देणार नाही. बहिणीने किती वर्षं कळ सोसायची, ते तू ठरव.

तातेरावांच्या हाती दिलं: पत्र एक. काढलेली दाढ, काड्यापेटीत (तुला खोटं वाटेल म्हणून). उरलेली कांडी दिली नाही, एसटीत वितळेल. शिवकन्या दिली नाही.