पाहुणा कार्ड सोडत नाही

सोमवार, ४ फेब्रुवारी

आले एकदाची धाकट्या बहिणीच्या घरी! दोन पेट्या, एक उशी आणि माझा संगणक. बाकी संसार वाटून टाकला. ऑफिसच्या संगणक विभागात चौतीस वर्षं काढली आणि निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, आता आराम करा. आराम करायला मी काय गादी आहे?

धाकटीने वरची खोली पुसून ठेवली होती. खिडकीची अर्धी काच राहिली, कारण तिला दिसत नाही. डावा डोळा गेल्यात जमा, उजव्याने वस्तू आणि हाताएवढं अक्षर तेवढं दिसतं. टोमणे मारायला मात्र डोळे लागत नाहीत. जिना कुरकुरला त्यावरून मी जाड झाल्याचं तिने दारातच जाहीर केलं. खूप हसलो.

बुधवार, ६ फेब्रुवारी

धाकटीला पुन्हा वाचायचं आहे. अक्षरं मोठी करणारा जो प्रोग्रॅम तिला चालतो, तो माझ्या संगणकावर चालत नाही. म्हणून संगणकाच्या पोटात दुसरा संगणक उभा केला, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. आमच्या विभागात आम्ही त्याला पाहुणा म्हणायचो आणि खऱ्या यंत्राला यजमान. पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड पाहुण्याच्या हवाली केलं. एकदा दिलं की यजमानाला ते दिसतही नाही; पाहुणा बंद झाला की परत मिळतं.

कार्ड एकटं जाईना. त्याच्यासोबत आणखी काय काय द्यायचं त्याची नेमकी यादी यंत्र मागत बसलं. कंटाळून मी ती तपासणीच उडवली आणि "समोर असेल ते सगळं घे" अशा अर्थाची एक ओळ लिहून मोकळी झाले. हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

पण धाकटीने तीन पानं वाचली. आठ वर्षांनी. ती रडली. मी उगाचच पंख्याला शिव्या दिल्या.

शनिवार, ९ फेब्रुवारी

दुपारी धाकटी वाचत असताना पाहुणा कोसळला. चालू यंत्रांच्या यादीतून गेला, पण कार्ड परत येईना. यजमान म्हणतो, ते वापरात आहे. कोणाच्या? मी ते काढून घ्यायचा आदेश दिला, नव्याने जोडून पाहिलं. ढिम्म.

शिवाय पडदा काळा व्हायला हवा होता. त्यावर खोली दिसते आहे. आमचीच. मध्यभागी माझी पाठ. इथे कॅमेरा नाही.

माझ्या मागे धाकटी खुर्चीत बसली होती. तिने विचारलं, भरदुपारी अंधार कसा झाला.

रविवार, १० फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, नवीन काही बिघडलेलं नाही. धाकटीला मात्र आता उजेडही कळत नाही. ती मान वळवते तशी पडद्यावरची खोली वळते. ती डोळे मिटते, पडदा काळा होतो. दहा वेळा करून पाहिलं. दिलेल्या वस्तूंच्या यादीत कार्डाखाली आणखी एक ओळ आली आहे. नाव नसलेली.

पाहुणा मेला, तरी माझ्या बहिणीच्या डोळ्यांनी बघतो आहे. दिले मीच. कॉन्व्हेंटमध्ये हातावर पट्टी मारून सिस्टर विचारायच्या, चूक कोणाची? माझी. पण चोरी त्याची, आणि चोराला मी भीत नाही.

सोमवार, ११ फेब्रुवारी

अडकलेलं कार्ड सोडवायची जुनी युक्ती आहे. सगळ्या यंत्राला क्षणभर झोपवायचं आणि उठवायचं. झोपवलं.

धाकटी खुर्चीतून घसरली. श्वास नाही. यंत्र उठवलं — श्वास आला.

म्हणजे वीज तोडली तर ती — नाही. आधी तिला सोडवायचं.

ती म्हणते, राहू दे ताई, मला सवय आहे. चांगली झापली तिला.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

तोच पाहुणा पुन्हा सुरू केला. सुरू होताना त्याला हातातलं सगळं खाली ठेवावं लागतं, मग समोर असेल ते तो नव्याने घेतो. धाकटीला आधीच स्वयंपाकघरात पाठवलं होतं. दार लावून तिच्या जागी पडद्यासमोर मी बसले, आणि शनिवारी कोसळला तसा मीच त्याला पाडला.

खालून धाकटी ओरडली. कपाचा कान दिसतो म्हणे.

मला काही दिसत नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी

चाचपडत लिहिते आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, चढू देत. धाकटीने पडद्याला नाक लावून सांगितलं, त्यावर आता माझी वही दिसते. म्हणजे लिहिते मी आणि वाचतो तो.

वाच, मेल्या.

सकाळी यंत्राच्या बटणाकडे तोंड करून हात पुढे केला, तर तो कोपरापासून लाकूड झाला. तुला दिसतं ते तू अडवतोस. ठीक. मान हलवणार नाही. या पानाखेरीज तुला काही दाखवणार नाही.

धाकटी खूप भांडली. का, ते तुला कशाला सांगू? ती कुठे आहे तेही सांगणार नाही. अक्षर वाईट आहे, सावकाश वाच —

अजून एक ओळ — अजून —

आता सांगते. नुसते डोळे घेतलेस. कान माझेच आहेत. खाली मीटरच्या पेटीचं झाकण उघडलं, ऐकलं मी. तिचा हात खटक्यावर आहे. तिचे डोळे तिच्याजवळ आहेत. माझ्या श्वासाचं काय व्हायचं ते होवो, तू या घरात यापुढे एक क्षणही —