पुढच्या खोलीतल्या हिवाळ्याची वाटणी

मी, एरसिरा ओयार्सो मान्सिया, वय वर्षे एक्याऐंशी, अविवाहित, धंदा पुस्तकविक्री, राहणार कोयाइके, हा कागद स्वतःच्या हातानं लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. काळीज तितकंसं नाही असं डॉक्टर म्हणतात, पण वाटणी डोक्यानं करायची असते, तेव्हा चालून जाईल. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला आलेले दोघे माते हा आमचा कडू चहा पिऊन आल्या पावली परत गेले. याआधीचं मृत्युपत्र मी चुलीत घातलं असून ते रद्द समजावं.

कलम पहिलं. दुकानाची इमारत, मागच्या दोन खोल्या आणि लाकडाची पडवी माझी भाची निदिया ओयार्सो हिला मिळावी. निदिया पुएर्तो मोन्तला असते, मनानं चांगली आहे आणि मला फोन करते तो बहुतेक जागेबद्दलच. एका औषधवाल्याला ही जागा हवी आहे. "आत्या, पुस्तकं आता कोण घेतं?" असं ती विचारते. मी म्हटलं, घे, सगळं तुझं, फक्त पुढची खोली बेलार्मिनो जिवंत असेपर्यंत विकायची नाही, आणि हिवाळाभर दुकान म्हणून उघडी ठेवायची. त्यावर ती म्हणाली, "लाकडं विकणाऱ्या माणसासाठी? त्याला पुस्तकं दे हवी तेवढी, घरी बसून वाचेल. नाहीतर मला कारण सांग. पटलं तर शब्द मोडणार नाही." कारण मी आठ वर्षं पोटात ठेवलं आहे. ते चौथ्या कलमात लिहिते आहे.

कलम दुसरं. शिडी, कागद कापायची सुरी आणि तपकिरी कागदाचे गठ्ठे दुकानाबरोबरच राहावेत. इकडे दक्षिणेत हिवाळा म्हणजे एक जूनपासून सप्टेंबरचा पहिला आठवडा संपेपर्यंत, बर्फ पडो न पडो. या दिवसांत जे पुस्तक कोणी दुसऱ्याला सुचवेल त्याला तपकिरी कव्हर घालायचं, कारण लोकांचे हात ओले असतात आणि चुलीची काजळी उडते. सुचवण्याचा नियम एकच: पुस्तकात काय आहे ते सांगायचं नाही. वाचताना आपलं काय झालं तेवढं सांगायचं. बटाटे करपले, बस चुकली, भावाला पत्र टाकलं, जे झालं असेल ते. हा नियम मी वयाच्या तिसाव्या वर्षी भांडून लावला आणि त्यावरच दुकान चाललं.

कलम तिसरं. निवृत्त शाळा तपासनीस एवारिस्तो यांनी हा नियम एकोणीस वेळा मोडला आहे. खुनी कोण ते सांगून टाकायचं आणि वर मिशीतल्या मिशीत हसायचं. त्यांना मी माझ्या उशाजवळची जाड रहस्यकथा देते. शेवटची आठ पानं मी सुरीनं काढून घेतली आहेत, ती माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावीत. बाकी त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

कलम चौथं. बेलार्मिनो वेनान्ते, वय शहात्तर, धंदा लाकूडविक्री, यांना चुलीजवळची खुर्ची, ती चूल, आणि हयातीत दर हिवाळ्यात पुढच्या खोलीत बसून पुस्तकं सुचवण्याचा हक्क.

कारण असं. बेलार्मिनो वीस-बावीस वर्षं आमच्याकडे लाकूड टाकतात. टाकून झालं की टोपी मांडीवर ठेवून बसायचे आणि सुचवायचे. "हे ऐक– हे वाचताना मी बैलांना पाणी द्यायचं विसरलो," असं सांगायचे. त्यांच्या शब्दावर जितकी पुस्तकं खपली तितकी माझ्या शब्दावर खपली नाहीत. त्यांची बायको दोमितिला वारली, त्याच्या पुढच्या जुलैत पूल तीन दिवस बंद पडला, वीज गेली आणि चौदा माणसं दुकानात अडकली. दुपारचे अडीच वाजले होते. कोणीतरी म्हणालं, "बेलार्मिनो, आज नुसतं सांगू नका, वाचून दाखवा." ते उठले. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "बाई, ती नदीकाठच्या दोन भावांची द्या."

मी दिली. त्यांनी उघडली आणि सुरुवात केली. काय वाचत होते म्हणून सांगू. खोलीत कोणी खोकलंसुद्धा नाही. पानभर झालं असेल, त्यांनी पान उलटलं आणि मला उलट्या बाजूला मधमाश्यांच्या पेटीचं चित्र दिसलं. माझा चष्मा वाफेनं धुरकटला होता आणि कव्हरं सगळी सारखी. मी त्यांच्या हातात मधमाशीपालनाचं पुस्तक दिलं होतं. कादंबरी माझ्या पाठीमागे फळीवरच होती.

मी ती हळूच काढली, मांडीवर घेतली आणि बोट ठेवून त्यांच्या मागोमाग जाऊ लागले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मध्येच थांबायचे, चुलीकडे बघायचे, पुन्हा चालू. तिथं दोमितिला लाकूड सरकवायला उठत असणार. एका वाक्यावर त्यांनी तिचं ते नाकातलं हसू हसून दाखवलं, स्वतःला कळलंही नसेल. या माणसाला अक्षर ओळखता येत नव्हतं. बायकोनं हिवाळ्यामागून हिवाळे वाचून दाखवलं होतं आणि ते सगळं तिच्या आवाजासकट त्यांच्यात तसंच होतं.

दुसऱ्या दुपारी धाकट्या भावाचं तान्हं मूल दगावतं तो भाग आला. पुस्तकात ती दोन पानं आहेत. बेलार्मिनो तिथवर आले, थांबले, आणि त्यांनी एकापाठोपाठ एक दोन पानं उलटली. मग पुढचं सुरू केलं. दोमितिलाचं पहिलं मूल लग्नानंतरच्या हिवाळ्यात गेलं होतं, हे गावाला ठाऊक आहे. ती पानं वाचणं तिला झेपलं नव्हतं. आणि ह्यांनी ती दोन पानं उलटल्याचा आवाजसुद्धा जपून ठेवला होता.

मी आयुष्यभर पुस्तकं हाताळली. त्या दुपारी मला वाटलं, आपण नुसते गठ्ठे वाहिले. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि मी जागची हलू शकले नाही. तिसऱ्या दुपारी गोष्ट संपली, लोकांनी डोळे पुसले, आणि मी मधमाश्यांचं पुस्तक परत घेऊन फळीवर ठेवलं. आजवर कोणाला बोलले नाही, त्यांनाही नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत त्यांनी तशीच आणखी आठ पुस्तकं वाचून दाखवली. दोमितिलानं वाचलेली नऊ पुस्तकं या माणसात आहेत. ती घरी एकट्यानं भिंतीला सांगायची नसतात. ऐकायला माणसं लागतात, आणि या गावात हिवाळ्यात माणसं पुढच्या खोलीत येतात. निदिया, हे कारण. आता तुझा शब्द.

पुरवणी. आज सहीच्या दिवशी नोटरीच्या कारकुनानं हा कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. बेलार्मिनोंना मी हक्क स्वीकारायला बोलावलं होतं, पण आधी सांगायचं धाडस झालं नाही. कारकून भला माणूस, त्यानं कागद आधी वाचला होता. तिसरं कलम संपवून तो एकदम पुरवणीच्या कोऱ्या जागेवर आला आणि म्हणाला, "बाकी किरकोळ आहे."

"चौथं राहिलं," बेलार्मिनो म्हणाले. "पहिल्यात बाई म्हणाल्यात, कारण चौथ्यात लिहिते."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं हो म्हटलं. त्यानं चौथं कलम सबंध वाचलं. निदिया मुद्दाम आली होती. ती खाली बघत होती. वाचून झाल्यावर बेलार्मिनो उठले, टोपी घातली आणि दाराबाहेर गेले. मला वाटलं, संपलं, मी या माणसाला चारचौघांत उघडं पाडलं, आता तो या उंबऱ्याला पाय लावणार नाही. ते पडवीतून लाकडं घेऊन आले, चुलीत घातली आणि खुर्चीत बसले.

"चूक आहे त्यात," ते म्हणाले.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"नऊ नाहीत, अकरा आहेत. दोन तुम्ही अजून ऐकली नाहीत, बाई."

निदियानं माझ्या हातातून पेन घेतलं, सहीची जागा विचारली आणि शब्द दिला तसा तो लिहूनही दिला.

म्हणून चौथ्या कलमात 'नऊ' खोडून 'अकरा' असं वाचावं. आणि मी, एरसिरा ओयार्सो, याद्वारे असंही जाहीर करते की ती दोन ऐकून होईपर्यंत मरायला माझी संमती नाही. ही अट कायद्यात बसत नाही असं कारकून म्हणतो. तरी ती ठेवावी.

लिहून ठेवणार: एरसिरा ओयार्सो मान्सिया (सही)
अट मान्य: निदिया ओयार्सो (सही)
हक्क स्वीकारला: बेलार्मिनो वेनान्ते (उजव्या हाताचा अंगठा)
साक्षीदार:
१. सेलमिरा कारकामो, शेजारीण, पावाची भट्टी (सही)
२. रुदेसिंदो बाइया, टपालवाला (सही)
३. एवारिस्तो सोलिस, निवृत्त शाळा तपासनीस. तिसरं कलम ऐकून निषेध नोंदवून (सही)

स्थळ: कोयाइके, दुकानाची पुढची खोली.
दिनांक: १९ जून २०१६, दुपारी साडेतीन. पहिलं पुस्तक चार वाजता सुरू होईल.