धरलंय कुठे?

२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

माझं मागचं पत्र लाल शाईने दुरुस्त होऊन परत आलं! छापखाना सुटला तरी मुद्रितं तपासायची खोड काही जात नाही तुमची.

इथे आम्हाला सध्या तुकडे पाडायला शिकवतात. हसू नका. एखादी वस्तू वजनाखाली किती वाकेल, हे अख्ख्या वस्तूचं एकदम गणित मांडून सुटत नाही. म्हणून संगणकावर तिचे बारीक तुकडे करायचे. एका तुकड्याचं गणित सोपं असतं. मग प्रत्येक तुकडा शेजाऱ्याशी कोपऱ्याला कोपरा लावून जोडायचा आणि सगळी गणितं मिळून सोडवायची. जिथे ताण एकाएकी वाढतो तिथे तुकडे बारीक हवेत, बाकी ठिकाणी मोठे चालतात.

आमच्या मुख्य बाई भलत्या खमक्या आहेत. कुणी कितीही रंगीत चित्र दाखवो, त्या आधी एवढंच विचारतात की, धरलंय कुठे? म्हणजे वस्तूला आधार कशाचा आहे. पहिल्या दिवशी मी ते संगणकाला सांगायलाच विसरले, तर मी काढलेली खुर्ची पडद्यावरून उडून पार नाहीशी झाली.

सरावाला घरातली वस्तू घ्यायची आहे. ताईच्या बाळासाठी तुम्ही पाळणा करताय ना, त्याची मापं पाठवता का?

लोभ आहे तो वाढवा, लाल शाई कमी करा.

तुमची,
शंकासुर


९ मार्च

चि. शंकासुरास,
अ. उ. आ.

मापं सोबत आहेत. दोन बाजूंना पाय, वर आडवी दांडी, दांडीला पाळणा टांगायचा. तुझी आई म्हणते की तुकडे पाडायला एवढं शिकावं लागत असेल, तर ती रोज भाजीचे पाडते त्याचंही कुणी प्रशस्तिपत्र द्यावं.

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता म्हातारपणी स्वतःच्या हाताने काही करून बघतोय. महिनाअखेरीस ताई बाळाला घेऊन येईल. जावईबापू दुकानातला पाळणा आणू का म्हणून विचारत होते. मी ठणकावून नको म्हटलं. पण तुझी आई माझ्या पाळण्याकडे बघून नुसती 'हं' म्हणते आणि त्या 'हं'ने माझी झोप उडाली आहे. बाळाने याच पाळण्यात झोपावं एवढी एकच हौस आहे गं. तुझं यंत्र काय म्हणतं ते लवकर कळव.

आशीर्वाद आहेतच.

बाबा


१४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. चित्र सोबत आहे, तुम्हीच बघा. दांडी मधोमध लालभडक झाली आहे आणि धनुष्यासारखी वाकली आहे. बाळाला त्यात ठेवू नका.

शंकासुर


१८ मार्च

चि. शंकासुरास,
अ. उ. आ.

चित्र पाहिलं. पाळणा सुटा करून माळ्यावर टाकला. जावईबापूंना दुकानातला आणा म्हणून कळवलं आहे. वेळेवर सांगितलंस ते बरं केलंस.

तुझ्या पत्रात या खेपेला चुका शोधल्या नाहीत.

बाबा


२१ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, थांबा! कान पकडते, नाक घासते. चित्र बाईंना दाखवलं तर त्यांनी कोपऱ्यातल्या बारीक आकड्यावर बोट ठेवलं. वाकणं डोळ्यांना दिसावं म्हणून संगणक ते आपणहून शेकडो पट फुगवून काढतो! खरं वाकणं नखाच्या जाडीएवढं आहे. आणि लाल म्हणजे धोका नव्हे, त्या चित्रातला सगळ्यात जास्त ताण एवढंच. पाळण्यात मुंगी झोपवली तरी कुठेतरी लाल दिसणारच. मी लोंबकळले तरी तुमची दांडी मोडायची नाही. आणि मी दीडशहाणीने तुमचा पाळणा माळ्यावर चढवला! तुमचं ते चार ओळींचं पत्र वाचून रडू आलं हो मला.

पण मग बाईंनी विचारलंच, धरलंय कुठे? मी संगणकाला पाय जमिनीत गाडलेत असं सांगितलं होतं. तुमचा पाळणा तर फरशीवर नुसता उभा राहणार. संगणकाला आपण सांगू तेवढंच कळतं. तेव्हा तो खाली काढा, त्यात जाडजूड पुस्तकं भरा, जोरात झोका द्या आणि पाय उचलतो का बघा. भावोजींना मी आजच कळवलं आहे की दुकानाची पायरी चढू नका.

राग गिळा, पण पत्र लांबलचक लिहा.

तुमची,
शंकासुर


३० मार्च

चि. शंकासुरास,
अ. उ. आ.

शब्दकोश भरून झोका दिला. पाय उचलला, पाळणा कलंडला आणि जन्मभर जपलेले शब्दकोश धपाधप फरशीवर. तुझी आई आतून म्हणाली की ती हेच सांगत होती. मी म्हटलं, तू नुसतं 'हं' म्हणत होतीस. त्यावर म्हणाली, इतक्या वर्षांत त्याचा अर्थ कळू नये म्हणजे कमाल आहे. मग पायांखाली दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या ठोकल्या. पुन्हा शब्दकोश, पुन्हा झोका. ढिम्म हलला नाही.

काल ताई आली. बाळ आत्ता त्यात मुठी आवळून झोपलं आहे. बाकी सगळे आत जेवताहेत, मला दोनदा हाक मारून झाली. तुझं गणित बरोबर आहे, पट्ट्या पक्क्या आहेत, दांडी तुलासुद्धा पेलेल, सगळं मान्य. तरी हे पत्र एका हाताने लिहितोय. अक्षर वाकडं आलंय, चुकाही असतील, खुशाल लाल शाई काढ.

दुसरा हात दांडीवर आहे. बाईंनी विचारलंच तर सांग, आजोबांनी धरलंय.

बाबा