वाढ थांबेपर्यंत

आई, आज डॉक्टरांनी माझ्या पाठीचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "लहानपणी कुणीतरी नीट लक्ष दिलेलं दिसतंय?" मी नुसतं हो म्हटलं. घरी आल्यावर चहा ठेवला आणि तो तसाच गार होऊ देऊन तुला लिहायला बसले. तू गेलीस त्या वयाच्या पुढे मी कधीच निघून आले आहे. तरी तुझ्याशी बोलायचं म्हटलं की मी चौदा-पंधराचीच होते, आणि मान वर अडकवलेली.

दिवाळीची पहिली आंघोळ. नाशिक रोडच्या आपल्या क्वार्टरमधली ती अरुंद मोरी, बंबाचा धूर, आणि तू माझ्या पाठीला उटणं लावते आहेस. मध्येच तुझा हात थांबतो. "सरळ उभी राहा गं." "उभीच आहे." तू पुन्हा मणक्यावरून बोट फिरवतेस, वरून खाली, हळू. नंतर पाणी ओततेस. मी तेव्हा बारा वर्षांची. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की कणा एका बाजूला वळतो आहे, आणि मुलगी जशी वाढेल तसा तो वळत जाईल. पट्टा लावावा लागेल, वाढ थांबेपर्यंत. सगळ्या आया मुलींची उंची वाढली की कौतुक करायच्या. आपल्या घरी माझा फ्रॉक आखूड झाला की तुझा चेहरा उतरायचा.

पट्टा म्हणायचे त्याला. मुंबईला माप देऊन करवून आणला होता. कमरेभोवती जाड चामडं, त्यातून वर आलेल्या लोखंडी पट्ट्या, गळ्याभोवती कडं आणि हनुवटीखाली टेकू. आंघोळीपुरता काढायचा, बाकी दिवसरात्र अंगावर. उन्हाळ्यात चामडं घामाने भिजायचं, आणि त्याचा वास माझाच वास आहे असं मला वाटायला लागलं होतं. वर्गात बाकावर ठेवलेलं पुस्तक दिसायचं नाही, म्हणून ते तोंडासमोर धरून वाचायचं. त्याच वर्षांत माझं अंग बदलत होतं, आणि मला मान खाली घालून ते बघताही येत नव्हतं. काय होतंय ते मला हाताला कळायचं, किंवा सकाळी पट्टा चढवताना तू गंजी जरा सैल ओढायचीस त्यावरून. कॉलनीच्या मैदानात मुली खो-खो खेळायच्या आणि मी पायरीवर बसायचे. पुढे त्यांनी खेळणं सोडलं, घोळका करून कुजबुजायला लागल्या. मी जवळ गेले की गप्प व्हायच्या, जणू कुणाची तरी मावशी आली. मला आत घ्यायला त्यांची ना नव्हती. पण ज्या गोष्टींवर त्या हसायच्या त्या माझ्या बाबतीत कधी घडतील असं त्यांना वाटत नव्हतं, एवढंच.

मला पाळी आली तेव्हा आत्याने, बाबांच्या थोरल्या बहिणीने, मला बाजूला बसवलं. कुणी शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी पट्टा हातात धरून उभी. बकलं पाठीमागे, मला पोचत नव्हती. तू स्वयंपाकघरातून आलीस आणि नेहमीसारखी बकलं आवळायला लागलीस. आत्या दारातून म्हणाली, "अगं, शिवलीस तिला!" तू मागे वळून न बघता म्हणालीस, "मग तुम्ही बांधता का, वन्सं?" त्यानंतर आपल्या घरी बाजूला बसणं बंद झालं. मला तेव्हा वाटलं, आता तू माझ्या बाजूची आहेस.

पण तसं नव्हतं. कॉलनीत तू सांगितलं होतंस की मी जिन्यावरून पडले, मार लागला, म्हणून पट्टा. दोन वर्षं मीही तेच सांगत राहिले. नववीत एका मुलीने विचारलं, "किती पायऱ्या पडलीस गं?" आणि मला एकदम कंटाळा आला. "पडले नाही. माझा कणा वाकडा आहे." मी घरी पोचायच्या आत ही बातमी घरी पोचली होती. तू पोळ्या लाटत होतीस.

"कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

"खरं तेच सांगितलं."

"खरं सांगून लग्न होणार आहे का तुझं?"

"मला करायचंच नाही."

तू लाटणं खाली ठेवलंस. "आज नाही करायचं. पट्टा निघाला की करावंसं वाटेल. तेव्हा काय करशील?" रात्री सरळ, छताकडे तोंड करून पडले, कारण दुसरं कसं पडताच येत नव्हतं, आणि ठरवलं की तुला माझी लाज वाटते. पुढची दोन-तीन वर्षं मी तुझ्याशी कामापुरतं बोलले. तरी रोज सकाळी तुझ्याकडे पाठ करून उभं राहावंच लागायचं.

मी अकरावीत असताना आत्याने मालेगावकडचं स्थळ आणलं. लग्न नंतर करू, मुलगी आत्ता बघून जाऊ द्या. डॉक्टरांनी अजून सहा महिने पट्टा सांगितला होता. "तासभर काढला तर काय बिघडतंय?" आत्या म्हणाली. "साडीत पाठ झाकून जाते." बाबा पेपरमधून डोकं वर काढेनात. तू हो म्हणशील याची मला खात्री होती, म्हणून मी हात मागे नेऊन बकलं चाचपायला लागले. तू माझा हात धरलास.

"राहू दे. पट्ट्यासकट बसेल ती. आणि वन्सं, पडली म्हणून सांगायचं नाही. आहे ते सांगायचं."

आत्या कपाळाला हात लावून बसली. मी लोखंडी कड्याभोवती पदर घेऊन चार परक्या माणसांसमोर बसले. मुलाची आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत स्वयंपाकाचं विचारत होती. मुलगा वीज मंडळात लागलेला, सावळा. त्याने एकच प्रश्न विचारला, "झोपताना त्रास होतो का?" मी म्हटलं, "सवय झाली." तो हसला नाही, की त्याने नजरही चुकवली नाही. ते गेले आणि पुन्हा काही कळवलं नाही. तू म्हणालीस, "सुटलो. असली माणसं नकोतच आपल्याला." मीही हो म्हटलं.

पट्टा निघाला, नोकरी लागली. लग्न उशिरा झालं, सगळं आधी सांगून झालं, आणि ते तू पाहिलंस. त्या दुपारची गोष्ट मी नवऱ्याला, मुलींना, सुनेला कितीदा तरी सांगितली आहे, माझी आई कशी होती म्हणून. प्रत्येक वेळी मी ती तुझ्या 'आहे ते सांगायचं' या वाक्यापाशी संपवते. पुढचं सांगत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. आई, मला तो मुलगा आवडला होता. आणि त्याच्याही आधी, तू हात धरलास तेव्हा, मला पट्टा काढायचा होता, अगदी मनापासून. त्यांचा काही निरोप येईल म्हणून मी कितीतरी दिवस फाटकाकडे डोळे लावून वाट बघितली. मान वळत नव्हती, म्हणून अभ्यासाची खुर्चीच तिकडे फिरवून ठेवली होती. तुला वाटायचं, मी उजेडासाठी बसते.