आकाशातून न दिसलेली बाग

ब्रायसन क्रीक, कॅलिफोर्निया
गुरुवार, २७ सप्टेंबर २०१८

प्रिय ओपल,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तूही बरी असशील. बाकीची विचारपूस खाली करते, कारण आधी हे सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. काल आमच्याकडे सगळ्यात आधी कोण आलं असेल? मर्ल स्टॉडर्ड. तोच गं, शेरीफचा मर्ल, ज्याने शहाऐंशी साली आपली बाग कापली.

सरकारी माणसं दहाला यायची होती, हा साडेनऊलाच हजर. पिकअपमधून उतरायला पाच मिनिटं लागली, कमरेचं हाड बदललंय म्हणे. हातात बायकोने केलेल्या प्लमच्या मुरंब्याची बरणी आणि काखेत एक खाकी पाकीट. मी पायरीवरूनच म्हटलं, "कुऱ्हाड गाडीतच राहू दे, मर्ल."

तर म्हणतो, "आता कुऱ्हाड उचलवत नाही, आर्डिस. कॉफीचा कप उचलेन."

आता बोल. बसवला त्याला वेंडेलच्या खुर्चीत. दुसरी कुठली त्याला पेलणारी नव्हती.

मग आल्या परवाना खात्याच्या इबारा बाई आणि त्यांच्याबरोबर मोजणीचा प्रुइट. त्यांची पांढरी सरकारी गाडी आपल्या उतारावर उभी राहीना, तर मीच तिच्या चाकाला दगड लावला. दगड लावता लावता मला इतकं हसू आलं, ओपल. पूर्वी अशी गाडी पुलाजवळ दिसली, की रेडिओवर ती सँडी म्हणायची, "पुलाकडे कुणाची तरी गाय सुटली आहे हो," आणि आपण हातातलं टाकून पळायचो. गाय कुणाकडेच नव्हती. आणि आता मी त्यांना विचारतेय, मक्याचा पाव गरम करू का. इबारा बाई नको नको म्हणत तीन तुकडे खाऊन गेल्या. चांगली बाई आहे. पायात बूट मात्र शहरातले होते.

तर ही माणसं आली कशाला, ते सांगते. तुझ्यापर्यंत बातम्या येत असतीलच, पण तुमच्या ओरेगॉनात वेगळं असेल. आता आपल्याकडे गांजा लावायला बंदी नाही, पण जिल्ह्याचा परवाना लागतो. आणि आपल्या ओढ्याच्या खोऱ्यात पाणी कमी म्हणून नव्या बागेला परवाना नाहीच. ज्याची बाग जुनी, त्यालाच. चार वर्षं झाली, माझी नात टॅन्सी शहर सोडून इथे आली, तीच सगळं बघते. तुला ती आठवायची नाही, तू गेलीस तेव्हा तिची आईच बारा वर्षांची होती. सत्तावीसची आहे, चालणं थेट वेंडेलचं, जसं काही कुणाशी भांडायला निघाली आहे. तिने अर्ज केला. खात्याने विचारलं, बाग जुनी कशावरून? आकाशातून काढलेले जुने फोटो असतात, त्यात दाखवा.

फोटो आले. ओपल, नुसती झाडं. टेकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओक आणि मॅड्रोन, खाली कोंबडीचं पिल्लूही दिसायचं नाही. वेंडेलने सहा रोपं इथे, चार तिथे, फांद्या दोरीने ओढून सावली अशी बेतली होती की माणूस मधून चालत गेला तरी कळू नये. शेजारच्या कार्व्हरची बाग तेव्हा उघड्यावर होती, दोनदा पकडला गेला, तुरुंगात जाऊन आला. त्याला पहिल्या झटक्यात परवाना मिळाला. फोटोत स्पष्ट दिसतो, भाजी तोडतोय असा.

आणि आपल्याकडे दुसरं काय असणार? फोटो काढायचे नाहीत, खताची पावती घ्यायची नाही, कागदावर नाव घालायचं नाही, पोरांनी शाळेत बाबा सुतारकाम करतात म्हणून सांगायचं. आयुष्यभर जे नीट केलं, त्याचंच आता वाईट झालं.

ऑगस्टमध्ये जिल्हा मंडळाची बैठक झाली, कराची. तिथली मजा तुला सांगायलाच हवी. मंडळाने असा कर बसवलाय की बागेची जागा जितकी, तितका कर. पीक विकलं गेलं, सडलं, आगीत गेलं, त्यांना काही नाही. सगळ्या टेकड्यांवरची माणसं उतरली होती. जी माणसं चाळीस वर्षं आपल्या आईलाही पत्ता देत नव्हती, ती माईकपुढे रांगेत. कारकून बाई विचारायची, "नाव सांगा." आपला म्हातारा डफी पुढे गेला आणि सवयीने म्हणाला, "जॉन." मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, आता खरं सांग, आता चालतं." सगळा हॉल हसला, मंडळावरचे पाचही जण हसले. डफी एवढा लाजला की त्याला खरं नाव आठवेना.

मग मंडळावरचा एक जण, गुळगुळीत डोक्याचा, म्हणाला, "हा कर तुमच्याच रस्त्यांसाठी आहे."

डफी म्हणतो, "साहेब, आमच्या रस्त्यावर तुमचं कुणी कधी आलंच नाही. तुम्ही नेहमी वरून, हेलिकॉप्टरने यायचात."

मग टॅन्सी उभी राहिली. म्हणाली, "माझ्याकडे पुरावा नाही, कारण माझे आजोबा हुशार होते. हुशारीची शिक्षा करायची असेल तर तसं लिहून द्या." माझी छाती अशी फुगली, की ब्लाउजचं बटण गेलं. खरंच गेलं, अजून लावायचं आहे. शेवटी तीन विरुद्ध दोन असं ठरलं, की छोट्या बागांचा कर निम्मा, पण वर्ष संपायच्या आत ज्यांच्या हातात परवाना असेल त्यांनाच. नसेल त्यांनी बाग काढायची. टॅन्सी म्हणते, बाग काढली तर जागा विकण्यावाचून इलाज नाही. खालच्या खोऱ्यातली काचेच्या घरांत गांजा पिकवणारी कंपनी दोनदा विचारून गेलीय. जागेत वेंडेलची राख आहे, ते त्यांना कुठे माहीत.

टॅन्सीचं बोलणं पेपरात आलं आणि ते मर्लने वाचलं. त्या पाकिटात काय होतं म्हणशील? शहाऐंशीच्या छाप्याचा कागद, शेरीफच्या कचेरीतून रीतसर नक्कल काढून आणलेला. मर्लच्या हाताने काढलेला नकाशा. ओढा, मोठा ओक, घर, आणि फुल्या फुल्या. एकसष्ट फुल्या. इबारा बाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचला. आमची बाग कापली, म्हणजे ती होती, असं सरकारी अक्षरात लिहिलेलं. वेंडेल त्या एकसष्ट झाडांसाठी सहा महिने आत गेला. आणि आता तोच कागद मी टेबलावर हाताने सपाट करत होते, लग्नाचा फोटो असावा तसा.

टेबल तेच आहे गं. काल सगळे त्याच्याभोवती बसले तेव्हा मला कापणीचा ऑक्टोबरच दिसायला लागला. आपण सात बायका, कात्र्यांचा आवाज, पानं खाली, कळ्या ताटात. बोटं डिंकाने अशी काळी व्हायची की तेलाशिवाय निघत नसत. रुथ गायची आणि तू तिला मधेच चुकीचे शब्द द्यायचीस, तीही तेच गात जायची. तू तेवीसची होतीस. सगळ्यात भरभर हात तुझा, आणि सगळ्यात जास्त बडबडही तुझीच. तुला मी किती रागवायचे, आणि तू गेल्यावर त्या टेबलावर इतकं शांत झालं की बायकांनी रेडिओ आणून ठेवला.

तर इबारा बाई म्हणाल्या, कागद चांगला आहे, पण यावर जागेचा नंबर नाही. ओढे सगळीकडे आहेत, ओकही आहेत. त्या बागेत काम केलेलं आणि आज हिच्यात वाटा नसलेलं एक माणूस हवं. त्याने त्या जागेवर उभं राहून शपथेवर सांगावं, की हीच ती. बस, तेवढंच कमी आहे.

मर्ल चालेल का म्हटलं, तर मर्ल म्हणाला, मी त्या दिवशी हेलिकॉप्टरमधून उतरलो आणि हेलिकॉप्टरनेच गेलो, रस्त्याने आलो असतो तर शपथ घेतली असती. वेंडेल नाही. रुथ नाही. बाकीच्या चार जणी कुठे आहेत देवाला माहीत.

मर्लच म्हणाला, "ओपल आहे की."

मी ब्लॅकबेरीची पाई कापत होते. कापतच राहिले. पाच माणसांचे दहा तुकडे केले.

टॅन्सीने विचारलं, "ओपल आजी इथून का गेल्या?" तिला मी कधी सांगितलं नव्हतं. मर्लला वाटलं, तिला माहीत असेल. म्हणाला, "त्या वेळी इथे सगळ्यांना वाटलं की तिने मला बातमी दिली. आदल्या आठवड्यात पेट्रोल पंपावर आम्ही हसत बोलताना कुणीतरी पाहिलं होतं. ती मला बदकाची गोष्ट सांगत होती. बातमी कुणीच दिली नव्हती, पोरी. आम्ही दुसरीकडे चाललो होतो. पायलटला झाडीत पांढऱ्या चादरी वाळताना दिसल्या. नकाशावर तिथे घरच नव्हतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "अस्सं?"

ओपल, मी म्हटलं अस्सं. जसं काही आज कळलं.

त्या आठवड्यात वेंडेलची आई राहायला यायची होती. झाडांखाली कपडे वाळत नव्हते, कुबट वास यायचा, आणि ती बाई वास घेत फिरायची. म्हणून मी चार चादरी मोकळ्यावर टाकल्या. एका दुपारपुरत्या. उन्हाळ्यात पांढरं बाहेर घालायचं नाही हा नियम मीच सगळ्यांना पढवायचे, तुला पिवळ्या टॉवेलवरून मीच बोलले होते. हेलिकॉप्टर उतरलं त्या वाऱ्याने चादरी उडून ओढ्यात गेल्या. ते वेंडेलला घेऊन गेल्यावर मी त्या पाण्यातून काढल्या, पिळल्या, आणि पिळतानाच मला कळलं. त्याच वेळी. बत्तीस वर्षांनी नाही.

संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये सगळे जमले आणि विचारायला लागले, कुणी सांगितलं, कुणी सांगितलं. कुणीतरी पंपाचं बोललं. मी गप्प राहू शकले असते. मी म्हटलं, "ओपलला तोंड सांभाळता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे." एवढंच. तू दाराशी उभी होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस ते अजून पाहते आहेस. तू एक शब्द बोलली नाहीस, तू, जिला मी जन्मभर गप्प बस म्हणत आले.

पहिलं वर्ष वाटायचं, वेंडेल सुटून आला की सांगेन. मग वाटलं, तो हे ऐकून काय करेल. मग तू गेल्यालाच इतकी वर्षं झाली. वेंडेल वारला तेव्हा तू कार्ड पाठवलंस, आत फक्त तुझं नाव. त्याच्या पाकिटावरचाच पत्ता मी या पत्रावर घालतेय. सहा वर्षं ते पाकीट पिठाच्या डब्यामागे आहे. फोनवर मी हे बोलू शकले नसते, तू ठेवून दिला असतास, आणि बरोबर केलं असतंस.

काल सगळे गेल्यावर मी टॅन्सीला सांगितलं. ती कप विसळत होती. विसळून झालेला कप तिने पुन्हा विसळला. मग म्हणाली, "आजी, तू ओपल आजीला परवान्याचं पत्र लिहिणार आहेस?"

मी म्हटलं, "दोन्हीचं."

"मग आधी दुसरं लिही."

मी काल रात्रीपासून चार कागद घालवले, प्रत्येक वेळी मर्लच आधी आला. ते घे समजून. तेवढंच मला येतं.

परवान्यासाठी ये, असं मी म्हणत नाही. टॅन्सीचा यात दोष नाही, पण तू तिचं काही देणंही लागत नाहीस. तू आलीस आणि त्या ओकखाली उभं राहून म्हणालीस, ही ती जागा नव्हे, तर मी तोंड उघडणार नाही. आणि ती जागा हीच म्हणालीस, तर तेही तुझ्या मनाने. एक मात्र मी ठरवलंय, तू आलीस तरी, नाही आलीस तरी. डफीला बोलावलंय, त्या दिवशी हॉलमध्ये होते त्यांतले जे उरलेत त्या सगळ्यांना बोलावलंय, मर्लही आहे. इबारा बाईंनी शपथ घ्यायला सांगितली की सगळ्यांच्या आधी मी उभी राहीन आणि चादरींचं सांगेन. बागेच्या कागदात ते कुठे बसेल मला माहीत नाही, आज सकाळी फोनवर बाईंना म्हटलं, एक ओळ जागा ठेवा.

तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे पाऊस फार असतो म्हणतात. तू चष्मा लावतेस का? मला हे सगळं विचारायचं होतं, आणि कागद संपत आला.

वरची खोली झाडून ठेवली आहे. इबारा बाई आणि प्रुइट मंगळवारी, नऊ ऑक्टोबरला, सकाळी दहा वाजता परत येतो म्हणून सांगून गेलेत.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी, तुझी थोरली बहीण,
आर्डिस